जमीन कुळाची, पाऊस सगळ्यांचा

नकाशावर मेघालय ईशान्येच्या डोंगराळ राज्यांच्या घोळक्यात बसलेलं दिसतं. त्यामुळे तेही हिमालयाचंच एखादं टोक असावं, अशी सहज समजूत होते. खडक मात्र त्याचं नातं आपल्या बाजूला लावतो. शिलाँगचं पठार भारतीय द्वीपकल्पाचा तुकडा आहे. झारखंडातल्या राजमहाल टेकड्या आणि मेघालयातल्या गारो टेकड्या यांच्यामधली जमीन खचली, त्या खळग्यात गंगा-ब्रह्मपुत्रेने गाळ आणून टाकला आणि पूर्वेकडचा हा भाग मूळ भूमीपासून वेगळा पडला. त्याच्या तळाशी असलेले नाइस आणि ग्रॅनाइट अब्जाहून अधिक वर्षं जुने आहेत. हिमालय त्यांच्यापुढे अगदी अलीकडचा.

राज्याचं क्षेत्रफळ २२,४२९ चौरस किलोमीटर. पश्चिमेला गारो टेकड्या, मध्ये खासी, पूर्वेला जैंतिया. उत्तरेकडे पठार हळूहळू उतरत आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याला मिळतं. दक्षिणेकडे मात्र उतरण अशी नाहीच. हजार-बाराशे मीटरचे कडे एकदम तुटतात आणि पायथ्यापासून बांगलादेशाचं सपाट मैदान सुरू होतं. या दक्षिण कडेखाली डाउकी नावाचा मोठा प्रस्तरभंग आहे. उत्तर कडेलाही जमिनीत खोल दुसरा एक दडलेला आहे आणि या दोहोंच्या मध्ये दाबलं जाऊन अख्खं पठार वर येत राहिलं आहे.

वर येण्याचं हे काम नेहमीच सावकाश होत नाही. १२ जून १८९७ रोजी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास या पठाराला भारताच्या नोंदवलेल्या इतिहासातला एक सर्वांत मोठा भूकंप बसला. आजच्या मापाने त्याची तीव्रता आठच्या वर जाते. शिलाँगमधल्या दगडी इमारती भुईसपाट झाल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी या भूकंपाचा अभ्यास केला. मोठमोठे धोंडे आपल्या जागेतून उपटून हवेत फेकले गेल्याच्या खुणा त्यांनी नोंदवल्या. पुढे हजारो मैलांवरच्या भूकंपमापकांवर उमटलेल्या रेषा तपासताना त्यांच्या ध्यानात आलं की भूकंपाच्या लाटा एकत्र येत नाहीत, वेगवेगळ्या प्रकारच्या लाटा वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. याच वाटेने जात १९०६ साली त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. शिलाँगच्या लोकांनी या भूकंपातून आपल्यापुरता धडा घेतला आणि दगडी भिंती सोडून दिल्या. लाकडी सांगाडा, इकरा नावाच्या गवताच्या कुडाला मातीचा किंवा चुन्याचा गिलावा आणि वर पत्रा, अशी हलकी घरं उभी राहिली. त्यांतली काही जुनी घरं शहरात अजून नांदती आहेत. सिमेंटच्या चार-पाच मजली इमारती त्यांची जागा घेताना पाहून काळजी वाटते, कारण खालचा प्रस्तरभंग काही कुठे गेलेला नाही.

दक्षिणेचा तुटलेला कडा या प्रदेशाच्या पावसाचंही कारण आहे. बंगालच्या उपसागरावरून येणारे मोसमी वारे शेकडो किलोमीटर सपाटीवरून येतात. वाटेत त्यांना एकही टेकडी आडवी येत नाही. उलट सिल्हेटच्या बाजूचे हाओर, म्हणजे पावसाळ्यात समुद्रासारख्या पसरणाऱ्या पाणथळी, त्यांना आणखी बाष्प देतात. मग एकाएकी समोर भिंत येते. कड्यांमध्ये खोल घळी आहेत, वारा त्यांत कोंडला जातो आणि वर चढताना सगळं पाणी टाकून देतो. या पावसाचा जोर बहुधा रात्री आणि पहाटे असतो. मॉसिनरामची वार्षिक सरासरी ११,८७२ मिलिमीटर आहे. आंबोलीतल्या सात हजारांच्या पावसाचं आपल्याला अप्रूप वाटतं, त्यावरून अंदाज यावा. शाळेच्या पुस्तकातलं चेरापुंजी, म्हणजे स्थानिकांचं सोहरा, इथे ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हा जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. १७ जून २०२२ रोजी मॉसिनरामला चोवीस तासांत १००३.६ मिलिमीटर पाऊस झाला. आणि सोहऱ्यापासून रस्त्याने जेमतेम पंचावन्न किलोमीटरवरच्या शिलाँगला वर्षभरात सोहऱ्याच्या चौथाई पाऊसही पडत नाही, कारण तोवर ढग रिकामे झालेले असतात.

इतकं पाणी पडूनही सोहऱ्यात हिवाळ्यात पाण्याची टंचाई असते. नोव्हेंबर ते मार्च बायका-पोरं झऱ्यावर रांगा लावतात, टँकरचं पाणी विकत घेतात. पठारावरची माती पावसाने कधीच धुऊन नेली, उरली ती खडकावरची पातळ गवताळ कात. जे पाणी वाहून जात नाही ते चुनखडीच्या फटींतून खाली उतरतं. या उतरणाऱ्या पाण्याने दक्षिण मेघालयाच्या पोटात देशातल्या सर्वांत लांब गुहा कोरल्या आहेत. खासी भाषेत गुहेला क्रेम म्हणतात. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लिआत प्राह ही तीस किलोमीटरहून लांब आहे. मॉसिनरामजवळची क्रेम पुरी साडेचोवीस किलोमीटरची, आणि तीही वालुकाश्मात. वालुकाश्मातली एवढी लांब गुहा जगात दुसरीकडे सापडलेली नाही.

सोहऱ्याजवळच्या मॉम्लुह गुहेचं मोल तिच्या लांबीत नाही. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना जमिनीवर थराथराने साचत जातो, त्याचे खांब तयार होतात. प्रत्येक थरातल्या ऑक्सिजनच्या प्रकारांचं प्रमाण मोजलं की त्या वर्षांत पाऊस कसा होता याचा माग लागतो. मॉम्लुहमधल्या अशा एका चुन्याच्या खांबात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस अचानक घटल्याची खूण मिळाली. इजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधू खोरं इथल्या संस्कृतींवर ज्या काळात संकट आलं असं मानतात, तो हाच काळ. २०१८ साली भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिथपासून आजपर्यंतच्या काळाला 'मेघालयन' हे नाव दिलं. जगातलं प्रत्येक माणूस भूवैज्ञानिक कालगणनेनुसार आज मेघालयन काळात जगतं आहे.

या अंधारात जीवही आहेत. जैंतिया टेकड्यांतल्या क्रेम उम लाडॉ गुहेच्या पाण्यात माहसीरच्या गोतातला, दृष्टी गमावलेला, फिकट मासा सापडला. २०१९ मध्ये त्याची बातमी आली तेव्हा गुहेत राहणारा जगातला सर्वांत मोठा मासा म्हणून ती गाजली. कारण गुहेतले मासे बहुधा बोटाएवढे असतात आणि हा हातभर लांबीच्या जवळ जातो. २०२३ मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आणि तिथल्या प्नार लोकांवरून तिला 'प्नार' हे जातिनाम मिळालं. आणखी एक गुहावासी तर आपल्या शेजारचा. राऊटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ अनेक दशकं जगात फक्त एकाच ठिकाणचं म्हणून ओळखलं जाई, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं. तेच वटवाघूळ पुढे मेघालयातल्या गुहांतही आढळलं. सह्याद्री आणि हे पठार यांच्यातला दुवा असा अधूनमधून समोर येतो.

पावसाच्या या कड्यावर माणसं शेकडो वर्षं राहत आली आहेत. दक्षिण उताराला वार म्हणतात आणि तिथल्या लोकांनाही. शेतात वाकून काम करताना बायका पाठीवर क्नुप घेतात, बांबूच्या कामट्या आणि पानं विणून केलेलं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत झाकणारं. कोकणातल्या वाचकाला ते पाहताच इरलं आठवेल. दोन्ही हात मोकळे राहतात, हाच दोन्हीकडचा हिशेब. उतारावर भात पिकवण्याजोगी सपाटी नाही, म्हणून वार लोकांनी बागा केल्या. सुपारी, तिच्यावर चढवलेली पानवेल, संत्री, तमालपत्र, मध. हा माल खाली सिल्हेटच्या बाजारात जाई आणि तिथून तांदूळ, सुकी मासळी वर येई. १९४७ च्या फाळणीने हा बाजार तोडला. चुनखडी आणि संत्र्यांवर सुखवस्तू झालेली कड्याखालची गावं बाजाराविना बसली. फाळणीच्या इतिहासात पंजाब आणि बंगालबद्दल खूप वाचायला मिळतं. या उतारावरच्या बागाईतदारांचं काय झालं, याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

बागेतून गावात सुपारीच्या करंड्या आणायच्या तर मध्ये ओढे. पावसाळ्यात त्यांवर बांबूचा साकव दोन-चार वर्षांत कुजतो. इथे उपयोगी पडतं ते रबराच्या वडाचं झाड, खासीत जरी. काठावर, बहुधा मोठ्या धोंड्यावर, जरी लावायचा. तो वाढला की त्याच्या फांद्यांतून पारंब्या सुटतात. मधोमध चिरून पोकळ केलेलं पोफळीचं खोड ओढ्यावर आडवं टाकायचं आणि कोवळी पारंबी त्या पन्हळीतून पलीकडे वाढू द्यायची. पलीकडच्या मातीत ती रुजली की ताणली जाते, जाड होऊ लागते. मग दुसरी, तिसरी. मुळं एकमेकींवर आवळून बांधली की काही वर्षांत ती सांध्यावर जुळून एकजीव होतात. मधल्या फटींत दगड आणि माती भरतात, कठडाही मुळांचाच. माणसाचं वजन निर्धास्त पेलायला पंधरा ते तीस वर्षं लागतात. म्हणजे पूल सुरू करणारा माणूस तो बहुधा मुलाबाळांसाठी सुरू करतो. लोखंड इथे गंजतं, लाकूड कुजतं, हा पूल मात्र दर पावसाळ्यात थोडा अधिक मजबूत होतो. देखभालीची वेगळी यंत्रणा नाही. जाता-येता कोणी एखादी लोंबती पारंबी वळवून जागेवर गुंफतं आणि पुढे जातं. नाँग्रियातचा उमशियांग ओढ्यावरचा दुमजली पूल प्रवाशांना ठाऊक असतो. तिरना गावातून तीन हजारांवर पायऱ्या उतरून तिथे पोहोचता येतं. २०२२ पासून हे पूल युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत.

खासी आणि जैंतियांमधले प्नार यांची भाषा ऑस्ट्रोएशियाई कुळातली, म्हणजे कंबोडियाच्या ख्मेरच्या नात्यातली. हे कुळ मराठी मुलखालाही परकं नाही. मेळघाटात कोरकू बोलली जाते, ती याच कुळाच्या मुंडा शाखेतली. गारो लोक स्वतःला आचिक म्हणवतात. त्यांची भाषा पूर्णपणे वेगळी, तिबेटी-बर्मी कुळातली आणि बोडोच्या जवळची. १८४१ मध्ये सोहऱ्याला आलेल्या थॉमस जोन्स या वेल्श मिशनऱ्याने खासीला रोमन लिपी दिली आणि तीत वेल्श वळणाची स्पेलिंगं रुजली. आज राज्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक ख्रिस्ती आहेत, पण जुना धर्म मिटलेला नाही. १८९९ मध्ये स्थापन झालेली सेंग खासी ही संस्था तो आजही जपते आणि जोवाईत दर जुलैला बेहदिएनख्लाम हा सण प्नार लोक मोठ्या प्रमाणावर साजरा करतात. इंग्रजांपुढे हे लोक सहज नमले नाहीत. नाँगख्लॉचे राजे उ तिरोत सिंग १८२९ पासून चार वर्षं लढले आणि कैदेत, ढाक्याला, वारले. जैंतियांचे उ किआंग नंगबाह यांना ३० डिसेंबर १८६२ रोजी जोवाईत फाशी दिलं गेलं.

खासी घरात पाऊल टाकलं की क्वाय पुढे येतो. ओल्या सुपारीची फोड आणि चुना लावलेलं पान. आलेला माणूस मंत्री असो की मजूर, क्वायाशिवाय बोलणं सुरू होत नाही. पूर्वी वाटेचं अंतरही किती क्वाय खाऊन होईल त्यावर सांगत. आणि कोणी गेलं की तो देवाच्या घरी क्वाय खायला गेला असं म्हणतात.

तिन्ही समाजांत कूळ आईकडून चालतं. मूल आईचं आडनाव लावतं. खासींमध्ये वाडवडिलांचं घर धाकट्या मुलीकडे, का खद्दुहकडे, जातं. मात्र ही वाटणी मालकीपेक्षा जबाबदारीची आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणं, अविवाहित भावंडांना आसरा देणं, घरातले विधी चालवणं हे तिच्याकडे, आणि ती जमीन मनाला येईल तशी विकू शकत नाही. मोठ्या निर्णयांत मामाचा शब्द चालतो. गावच्या दरबारात तर परंपरेने पुरुषच बसत आले. म्हणून मेघालयाला स्त्रीराज्य म्हणणं भाबडेपणाचं आहे. तरीही मुलगी झाली म्हणून घर हिरमुसत नाही, ही गोष्ट मी मोठी मानतो. काही पुरुषांना ही रीत जाचते. १९९० साली स्थापन झालेली सिंगखाँग रिम्पेई थिम्माई ही संघटना वडिलांकडून वंश मोजावा अशी मागणी करत आली आहे.

या सगळ्याच्या मुळाशी जमीन आहे. मेघालयाला राज्यघटनेची सहावी अनुसूची लागू आहे, तिन्ही टेकड्यांना स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत आणि जमीन सरकारची नसून गावाची, कुळाची किंवा कुटुंबाची आहे. राज्याचा सुमारे ७६ टक्के भाग वनाच्छादित आहे, पण वनखात्याच्या ताब्यातलं जंगल त्यात अगदी थोडं. उरलेलं लोकांचं. २१ जानेवारी १९७२ ला पूर्ण राज्य झाल्यावरही ही व्यवस्था बदलली नाही.

तिचं सर्वांत उजळ रूप मॉफ्लांगला दिसतं. शिलाँगहून पंचवीस किलोमीटरवर, उघड्या माळावर, पंचाहत्तरेक हेक्टरांची एक देवराई उभी आहे. हिला खासीत लॉ किंतांग म्हणतात, आणि आपल्याकडच्या देवराईचे सगळे नियम इथे आहेत. पान, काटकी, मेलेलं लाकूड, काहीही बाहेर न्यायचं नाही. बाहेर झगझगीत ऊन आणि गवत. आत पाऊल टाकलं की पायाखाली वीतभर कुजका पाला, ओक आणि चेस्टनटच्या गोतातली झाडं, खोडांवर शेवाळ, त्यावर नेचे आणि ऑर्किड. लिंगडोह कुळाने ती पिढ्यान्‌पिढ्या राखली. नियम नसते तर काय झालं असतं, ते शेजारच्या माळावरच दिसतं.

नियम नसले की काय होतं याची जुनी साक्षही आहे. जोसेफ हूकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ १८५० मध्ये खासी टेकड्यांत आले आणि सोहऱ्याच्या आसपास दोन हजारांहून अधिक सपुष्प वनस्पती असल्याचं त्यांनी लिहिलं. निळ्या वांडा ऑर्किडचे सात माणसांचे भारे त्यांनी लंडनच्या क्यू उद्यानासाठी गोळा केले, त्यांतली थोडीच झाडं जिवंत पोहोचली. त्यांच्या मागून व्यापारी आले, आणि रस्त्यालगतच्या रानांतून ऑर्किड ओरबाडले गेल्याची खंत हूकर यांनीच नोंदवली.

गारो टेकड्यांचं जंगल वेगळं, उष्ण आणि दाट. नोक्रेक शिखराच्या परिसरात मेमांग नारांग हे रानटी संत्रं वाढतं. आपण खातो त्या लिंबू-संत्र्यांच्या आदिम नातलगांपैकी ते एक मानलं जातं, म्हणून तिथे त्याच्यासाठी राखीव क्षेत्र आहे. गारो लोक ते मृतासाठीच्या विधीत वापरत आले. बालपाक्रमच्या दऱ्यांत आणि जैंतियातल्या जराइनच्या माळावर घटपर्णी दिसते, नेपेंथिस खासियाना, भारतात आढळणारी तिच्या वंशातली एकमेव जात. पानाच्या टोकाला झाकणाची सुरई, आत पाचक रस. निकस, आम्लधर्मी मातीत नत्र मिळत नाही, ते ती बुडालेल्या किड्यांकडून मिळवते.

गारो टेकड्यांच्या याच जंगलात हूलॉक गिबन राहतो, भारतातला एकमेव कपी. त्याला शेपूट नसते. नर काळा, मादी वयात आल्यावर पिवळट तपकिरी. जोडी सकाळी एकसुरात हाळ्या देऊ लागते, आवाज चढत जातो आणि दरीपलीकडून दुसरी जोडी उत्तर देते. हूलॉक जमिनीवर सहसा उतरत नाही, हातांनी झोके घेत फांद्यांवरून जातो. छत सलग असेल तरच त्याचं चालतं. आणि नेमकं तेच तुटत चाललं आहे. गारोंची झूम शेती, जंगल तोडून जाळून पीक घ्यायचं आणि मग जागा पडीक सोडायची, हिने पूर्वी जंगलाचं कायमचं नुकसान होत नसे, कारण त्याच जागी फिरून यायला पंधरा-वीस वर्षं लागत. आता लोक चार-पाच वर्षांत परततात आणि बऱ्याच उतारांवर काजू, रबर, सुपारीच्या कायमच्या बागा झाल्या आहेत.

जमिनीच्या मालकीचं सर्वांत काळं रूप पूर्व जैंतिया टेकड्यांत आहे. तिथले कोळशाचे थर अगदी पातळ, कित्येकदा माणसाला ओणवंही राहता येऊ नये इतके. जमीन ज्याची त्याचा कोळसा, या समजुतीने मालकांनी खोल चौकोनी विहिरी खणल्या आणि तळातून आडवी बिळं काढली. माणूस आत सरपटत जाऊन कुदळीने कोळसा काढतो. यांत मजूर मुख्यतः बाहेरचे, आसाम आणि नेपाळ-बांगलादेशातून आलेले गरीब. या कोळशात गंधक फार असल्याने खाणीतून निघणारं पाणी आम्ल बनतं. लुखा नदी दर हिवाळ्यात गर्द निळी होते आणि तिच्यातले मासे मेले आहेत. एप्रिल २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या बिळांवर बंदी घातली, तरी खोदाई चालूच राहिली. १३ डिसेंबर २०१८ ला क्सान इथल्या खाणीत लायतेन नदीचं पाणी शिरलं आणि किमान पंधरा माणसं आत अडकली. नौदलाचे पाणबुडे आले, पंप लावले गेले, पण बाहेर काढता आले ते दोनच मृतदेह. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जमिनीखालच्या कोळशावर मालकाचा हक्क आहे, पण खाणकायद्याप्रमाणे पट्टा घेतल्याशिवाय तो काढता येणार नाही.

हीच मालकी गारो टेकड्यांत उलट दिशेनेही काम करते आहे. तुराजवळच्या सेलबालग्रे गावाने आपल्या जमिनीतला एक भाग झूमसाठी न तोडता हूलॉकसाठी राखून ठेवला, आणि नोक्रेकभोवतीच्या इतर गावांनीही असे तुकडे बाजूला काढले. पण एकट्या गावाने राखलेल्या रानात दोन-तीन कुटुंबंच मावतात. वयात आलेल्या पिल्लाला जोडीदार शोधायला शेजारच्या गावाच्या झाडांवर जावं लागतं, म्हणून ही रानं एकमेकांना जोडण्याची बोलणी गावोगाव चालतात. गारोंच्या कुळाच्या जमिनीला आखिंग म्हणतात आणि तिचा कारभार नोकमा पाहतो. तो कारभारी झालेला असतो तो बायकोच्या वारशामुळे. त्यामुळे नोकमाने होकार दिला तरी काम होत नाही. बायकोच्या माहेरच्या माणसांना, तिच्या महारीला, एकत्र बसवावं लागतं, आणि त्यांनी मान्यता दिली की मगच रान राखीव ठरतं.